गोवऱ्यांची रास

फार वर्षांपूर्वी एका माळावरच्या गावात शेणावरून भांडण झाले, आणि त्या भांडणात मी पंच होते. माझा भाग किती होता हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणाचा गैरसमज व्हायला नको. एका वेळी एकानेच बोलावे आणि त्याचे वाक्य पूर्ण होईपर्यंत इतरांनी गप्प राहावे, हा नियम मी घातला आणि सर्वांकडून पाळून घेतला. गावातील मुलांना लिहायला-वाचायला शिकवण्याचे काम तेव्हा माझ्याकडे होते. त्यामुळे मोठी माणसेही माझ्यासमोर जरा सावरून बसत. बाकी जे झाले, ते त्यांचे त्यांनी केले.

शेण हा शब्द वाचून ज्यांनी नाक मुरडले असेल, त्या लहान-मोठ्या वाचकांना एवढेच सांगते की त्या माळावर झाडे विरळ होती, सरपणाचे रान दूर डोंगरात होते, आणि गावातली जवळजवळ प्रत्येक भाकरी गोवरीच्या जाळावर भाजली जाई. म्हणून गोवऱ्यांना तिथे मान होता. प्रत्येक अंगणात त्यांची गोल रास रचलेली असे. रास वरून शेणाने लिंपलेली असे आणि त्या लिंपणावर घरच्या बाईने बोटांनी नक्षी ओढलेली असे. मुलगी द्यायला आलेले पाहुणे आधी राशीपाशी थांबत, तिच्याभोवती एक फेरी मारत आणि मगच पायांवर पाणी घेत. या घरातली बाई कशी आहे, हे त्यांना रास पाहून कळे, असे ते म्हणत.

गावातली सर्वांत उंच रास म्हाळसाची होती.

म्हाळसा ही सटवाजीची बायको. तिच्यासारखी काटकसरीने घर चालवणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. भाकरी उतरली की ती निखाऱ्यांवर पाणी शिंपडी आणि कोळसे वेगळे ठेवी. तेलाचे भांडे रिकामे झाले की ते वाटीवर उपडे घालून ठेवी. पीठ चाळून उरलेला कोंडा जनावरांना, भाजीचे देठ आमटीला, फाटलेल्या पोत्याचे सूत खाटेला. तिच्या घरातून टाकून दिलेली वस्तू बाहेर पडलेली कोणी पाहिली नव्हती. तिच्या या गुणाचे मलाही कौतुक होते, आणि आजही आहे.

पण तिचे मन कधी थाऱ्यावर नसे. जेवायला बसली तरी दोन घासांच्या मध्ये उठून ती माळ्यावर डोकावून येई. कोणाशी बोलत उभी असली तरी डोळा अंगणाकडे असे. आभाळात एक ढग आला की ती राशीवर गवताचे आच्छादन टाकायला धावे. ढग निघून गेला की आच्छादन काढायला धावे. याचे कारण तिने मला एकदा सांगितले होते. ती लहान असताना, माहेरी, एका लांबलेल्या झडीत घरातले सगळे जळण भिजून गेले होते. चूल पेटेना. आईने पीठ पाण्यात कालवून मुलांना पाजले, आणि धाकट्या बहिणीच्या पोटात ते टिकले नाही. ती बहीण वाचली. पण थंड चूल म्हाळसाच्या डोळ्यांसमोरून कधी हलली नाही.

त्या गावात शेणाची एक जुनी व्यवस्था होती. उन्हाळ्या-हिवाळ्यातले शेण थापून त्याच्या गोवऱ्या करत. पावसाळ्यातले शेण वाळत नसे, म्हणून ते घरामागच्या उकिरड्यात पडे. काडीकचऱ्याबरोबर कुजून त्याचे खत होई आणि पेरणीपूर्वी गाडीत भरून शेतात जाई. ही व्यवस्था कोणी ठरवली, हे कोणालाच ठाऊक नव्हते. ती हवेने आणि उन्हाने ठरवलेली होती.

म्हाळसाने पावसाळ्यातले शेण वाळवण्याची युक्ती शोधली. गोठ्याच्या आतल्या भिंतींवर, चुलीवरच्या माळ्यावर, दाराच्या मागे, जिथे थोडी ऊब असेल तिथे ती गोवऱ्या लावू लागली. मग उकिरड्यातला काडीकचराही तिला दिसू लागला, आणि तोही चुलीत जाऊ लागला. गावातल्या बायका पाहायला आल्या आणि तोंडात बोट घालून परत गेल्या. सरपणासाठी डोंगरातल्या लाकूडतोड्याला इतर घरे धान्य देत. म्हाळसाच्या घरातून दाणाही जाईना. रास वाढू लागली. उकिरडा सपाट झाला, तेव्हा त्या जागी तिने भोपळ्याचा वेल लावला. जागा मोकळी ठेवणे हाही तिच्या मते अपव्यय होता.

पहिल्या वर्षी शेतात फरक पडला नाही. दुसऱ्या वर्षी कणसे लहान आली. पुढे ती आणखी लहान होत गेली आणि कडबा कमी पडू लागला. कडबा कमी पडला म्हणून जनावरे अर्धपोटी राहू लागली, आणि जनावरे अर्धपोटी राहिली म्हणून शेण कमी पडू लागले. म्हाळसाने या सगळ्याचा अर्थ एकच लावला: दिवस वाईट येत आहेत, तेव्हा आणखी काटकसर केली पाहिजे. तिने घरातल्यांच्या भाकऱ्या पातळ केल्या आणि शेणाची पाटी डोक्यावर घेऊन ती गावाबाहेर पडली.

इथे त्या गावचा एक रिवाज सांगायला हवा. वाटेवर किंवा गायरानात पडलेल्या शेणात जो आधी काडी खोचील, त्याचे ते शेण, असा तो रिवाज होता. ज्यांच्या दारी जनावर नव्हते, त्यांच्यासाठी तो होता. एखादी एकटी म्हातारी सकाळी काड्या खोचून जाई आणि दुपारी सावकाश पाटी भरून नेई. तिच्या काडीला कोणी हात लावत नसे.

म्हाळसा आता उजाडताच काड्यांची मोळी घेऊन निघू लागली. गुरे गायरानाकडे निघाली की ती त्यांच्या मागे, परतली की पुन्हा त्यांच्या मागे. गावाबाहेरची वाट पेरून उगवल्यासारखी काड्यांनी भरून गेली. सणाच्या आधी अंगण सारवायला बायका शेणासाठी निघाल्या, तर जिथे तिथे म्हाळसाची काडी. एकट्या म्हाताऱ्या रिकाम्या पाट्या घेऊन घरी आल्या. शेवटी तिची धाकटी जाऊ बयजा हिने सर्वांदेखत एक काडी उपटून फेकून दिली. म्हाळसाने बयजाचा हात धरला, शब्दाला शब्द लागला, आणि प्रकरण चावडीसमोर आले.

बयजाचे घर म्हाळसाच्या घराला लागून होते आणि तिचे शेतही म्हाळसाच्या शेताच्या बांधाला बांध लावून होते. तिची जीभ तिखट होती, आणि तिच्या घरात खाणारी तोंडे जास्त होती.

मी नियम सांगितला आणि बयजाला आधी बोलायला लावले.

"वाटेवर पाय ठेवायला जागा नाही, बाई," ती म्हणाली. "जिकडे बघावे तिकडे जाऊबाईंच्या काड्या. परवा आमचा बैल वाटेत जरा थबकला, तर या काडी घेऊन त्याच्या मागे उभ्या. बिचारा लाजून तसाच पुढे गेला."

लोक हसले. हसण्याविरुद्ध मी नियम घातला नव्हता, म्हणून हसू दिले.

म्हाळसाची पाळी आली. ती बसून बोलू शकली नाही. उभी राहिली, पदर खोचला, पुन्हा सोडला. रिवाज मोडल्याचे एक उदाहरण दाखवा, असे तिने सर्वांना बजावले. एकाही खोचलेल्या काडीला तिने हात लावला नव्हता. ती सर्वांच्या आधी उठत होती, एवढाच तिचा अपराध होता. "हसा तुम्ही," ती शेवटी म्हणाली. "पावसात तुमच्या चुली नुसत्या धुमसतात, तेव्हा विस्तव मागायला कोणाच्या दारी येता, ते आठवून हसा."

यावर कोणी हसले नाही; कारण ते खरे होते.

बयजाला मात्र ते झोंबले. तिची पाळी नसताना ती बोलली. "साठवा, जाऊबाई, खुशाल साठवा. येत्या पेरणीला दारात बैलच नसतील, तेव्हा काड्या कशात खोचाल, तेवढे सांगा."

"बैल कुठे जातील?" म्हाळसाने विचारले.

बयजाने नवऱ्याकडे पाहिले. तिचा नवरा, म्हणजे सटवाजीचा धाकटा भाऊ, जमिनीकडे पाहू लागला. "बैल तर..." एवढेच म्हणून बयजा अडली. पाळी नसताना बोलणे हा एक दोष आणि वाक्य सुरू करून सोडून देणे हा दुसरा. मी तिला वाक्य पूर्ण करायला सांगितले.

"तिला नको," मागून सटवाजी म्हणाला. "मी सांगतो."

सटवाजी चावडीवर बोलणाऱ्यांपैकी नव्हता. तो पुढे आला आणि माझ्याकडे पाहून बोलू लागला, जणू बायको तिथे नव्हतीच. त्याने भावाला शब्द दिला होता. या पेरणीपासून त्याचे शेत भाऊ वाट्याने कसणार होता, बैलही त्याच्याकडे जाणार होते. सटवाजी स्वतः आणि त्याचा मुलगा केरबा नदीपलीकडच्या गावी दुसऱ्याच्या शेतात कामाला राहणार होते. घर बंद होणार होते.

"शेत थकले आहे, बाई," तो म्हणाला. "नांगर धरला की भाजलेल्या विटेवर ओढत असल्यासारखे वाटते. पेरतो, त्याहून थोडेसेच जास्त हाती येते. असे किती दिवस घरात बसून खायचे?"

म्हाळसाने विचारले, "मला का नाही सांगितले?"

"सांगितले होते. उकिरडा मोडलास, त्याच वर्षी सांगितले होते. तू म्हणालीस, एवढे एक वर्ष भागवा. पुढच्या वर्षीही तेच म्हणालीस. मग मी सांगणे सोडून दिले. ती माझी चूक."

"राख तर देत होते ना शेताला? चिमूटभर वाया जाऊ दिली नाही."

"राख दिलीस," सटवाजी म्हणाला. "चुलीचे पोट भरून जे उरले, ते शेताला दिलेस. तुझ्या भोपळ्याचा वेल बघ. साऱ्या घराच्या जमिनीत तेवढाच धट्टाकट्टा आहे. तो कशावर बसला आहे, ते तुला ठाऊक आहे."

म्हाळसा खाली बसली. आज काही ठरवता येणार नाही, हे मला दिसत होते. काड्यांचा आणि शेताचा, दोन्ही प्रश्न एकदमच घेऊ, असे सांगून मी बैठक पौर्णिमेनंतरच्या दिवसावर टाकली.

त्यानंतरचे दिवस म्हाळसाने कसे काढले, ते साऱ्या गावाने पाहिले; कारण ती एका जागी ठरेना. ती राशीभोवती फेऱ्या मारी. एक गोवरी काढी, हातात तोलून पाही, पुन्हा जागच्या जागी बसवी. चुलीवर दूध ठेवून अंगणात येई आणि अंगणात आल्यावर दूध आठवून आत पळे. एका दुपारी ती शेतावर गेली. चुलीच्या आणि गोठ्याच्या कामापायी कित्येक वर्षे तिचे तिकडे पाऊल पडले नव्हते. तिने आपल्या शेतातले ढेकूळ उचलले, तर ते बोटांत धरताच भुकटी होऊन वाऱ्यावर गेले. बांध ओलांडून तिने बयजाच्या शेतातले ढेकूळ उचलले. ते काळे होते, जड होते, फोडायला जोर लावावा लागला. ते तिने पदरात बांधून घरी आणले आणि चुलीजवळ ठेवून दिले. दिवसभर ती येता-जाता त्याच्याकडे पाही.

गोवऱ्यांचे पुन्हा खत होऊ शकते, हे त्या गावात सर्वांना ठाऊक होते. त्या फोडायच्या, पाण्यात भिजवायच्या, पालापाचोळ्यात घालून कुजवायच्या. ताज्या शेणाचा कस त्यात राहत नाही, पण बराचसा राहतो. मात्र हे करायचे तर तेव्हाच करायला हवे होते. ओढ्याच्या डोहात थोडेच पाणी उरले होते आणि ते रोज खाली जात होते. डोह आटला की रास भिजवायला पाणी मिळणार नव्हते. आणि आता भिजवले नाही, तर पेरणीपर्यंत काही कुजणार नव्हते.

अडचण अशी की पौर्णिमेला पाहुणे येणार होते. केरबाला मुलगी द्यायला नदीपलीकडचे एक चांगले घर तयार होते. म्हाळसाच्या राशीची कीर्ती ऐकूनच त्यांनी निरोप धाडला होता. पाहुण्यांसमोर अंगण रिकामे ठेवणे म्हणजे हातची सोयरीक सोडणे. पाहुणे गेल्यावर रास फोडायची, तर तोवर डोह आटणार.

म्हाळसाने नवऱ्याला विचारले. त्याने उत्तर दिले की रास तिने रचली आहे, तेव्हा तिनेच ठरवावे. तो तिला एका शब्दाने दोष देणार नाही. हे उत्तर सौजन्याचे होते, पण त्याने म्हाळसाचा जीव आणखीच टांगणीला लागला. मग तिने केरबाला विचारले. केरबा वयात आलेला, हसतमुख आणि कामसू मुलगा होता. त्याला ती मुलगी पसंत होती, हे आईला ठाऊक होते.

"आई," तो म्हणाला, "ते रास बघतील आणि मुलगी देतील. मग तिला पोटभर खायला मिळणार नाही, हे आपण त्यांना कधी सांगायचे? लग्नाआधी की नंतर?"

म्हाळसा उठली आणि पावसाळ्यापुरत्या गोवऱ्या गोठ्यात वेगळ्या काढू लागली.

दुसऱ्या दिवशी भर उन्हात तिच्या अंगणातून ठोके ऐकू येऊ लागले. लोक धावत गेले. म्हाळसा राशीच्या माथ्यावर चढून लाकडी मोगरीने गोवऱ्या फोडत होती. तिने स्वतः बोटांनी ओढलेली नक्षी आधी फुटली, मग लिंपण, मग एकेक थर. तिचा हात थांबत नव्हता. तोंडाने ती सारखी पुटपुटत होती: पावसाळ्यापुरत्या वेगळ्या ठेवल्या आहेत, पावसाळ्यापुरत्या आहेत. आणि मध्येच खाली उतरून, वेगळ्या ठेवलेल्या गोवऱ्या खरोखर आहेत ना, ते गोठ्यात जाऊन पाहून येत होती. सटवाजी आणि केरबा कावडीने डोहाचे पाणी आणू लागले. जमलेल्यांपैकी कोणी म्हणाले, हिला वेड लागले. कोणी म्हणाले, सोयरीक गेली. बयजा आपल्या उंबऱ्यात उभी राहून सारे पाहत होती. ती हसली नाही आणि मदतीलाही आली नाही. ते शेत पुन्हा उभे राहिले, तर तिच्या मुलांच्या वाट्याला येणारे धान्य जाणार होते. तिने मदत का करावी?

भोपळ्याचा वेल उपटला गेला. उकिरडा पुन्हा जागेवर आला.

पौर्णिमेला पाहुणे आले. मुलीचे वडील सवयीप्रमाणे अंगणात थांबले, फेरी मारायला वळले, आणि फेरी कशाभोवती मारायची ते त्यांना कळेना. तिथे फक्त वेगळ्या रंगाच्या मातीचे एक वर्तुळ होते.

"रास कुठे आहे?" त्यांनी विचारले.

सटवाजी उत्तर द्यायला पुढे झाला, पण म्हाळसाच बोलली. "शेतासाठी कुजत घातली."

"सगळी?"

"पावसाळ्यापुरत्या गोवऱ्या आत आहेत. बाकी सगळी. शेत उपाशी होते."

पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिले. त्यांनी पाणी घेतले, गुळाला हात लावला नाही. विचार करून कळवतो, असे म्हणून ते सावलीतून उठले आणि गेले. त्यांचा निरोप कधीच आला नाही. केरबा त्या दिवशी संध्याकाळपर्यंत एकटाच पाण्याच्या खेपा घालत राहिला. पुढे त्याचे लग्न झाले, पण ते दुसऱ्या घरी आणि उशिरा.

पाहुणे दिसेनासे झाल्यावर म्हाळसाने नवऱ्याला विचारले की आपण चुकलो का. सटवाजीने प्रामाणिकपणे सांगितले की ते त्याला ठाऊक नाही. त्या दोघांना तेव्हा एवढेच ठाऊक होते की रास गेली, सोयरीक गेली, आणि शेत अजून दुसऱ्याला दिलेल्या शब्दात अडकलेले आहे. सटवाजी दिलेला शब्द मोडणारा नव्हता. भावाने तो परत केला तरच शेत राहणार होते. आणि भावाच्या घरात शब्द बयजाचा चाले.

पीक काय आले, ते आधीच सांगून टाकते, कारण वाचकांना त्याचीच घाई असते. त्या वर्षी फार काही आले नाही. अर्धवट कुजलेल्या खताने तण माजवले, आणि एका कोपऱ्यात वाळवीही लागली. पण कणसे आदल्या वर्षीइतकी लहान नव्हती, आणि कडबा जनावरांना पुरला. जनावरे पोटभर खाऊ लागली, तसा उकिरडा भरू लागला. पुढच्या वर्षी पीक आणखी बरे आले, त्याच्या पुढच्या वर्षी सटवाजी बयजाच्या बरोबरीने धान्य घरी आणू लागला. हे सारे पुढचे. त्या दुसऱ्या बैठकीत यातले काहीच कोणाला दिसत नव्हते. दिसत होते ते फक्त म्हाळसाच्या हातांना मोगरीने आलेले फोड.

बैठक ठरल्याप्रमाणे पाहुणे गेल्याच्या दुसऱ्या दिवशी भरली. या वेळी म्हाळसाने आधी बोलण्याची परवानगी मागितली आणि मी ती दिली. वाटेवरच्या साऱ्या काड्या तिने सकाळीच उपटून टाकल्या होत्या. यापुढे आपण वाटेवर काडी खोचणार नाही, असे तिने सांगितले. मग ती बयजाकडे वळली. "बयजे, तुझ्या घरात तोंडे जास्त आहेत, हे मला दिसते. तू नाही म्हणालीस तरी तुझ्यावर राग नाही. पण आमचा शब्द आम्हाला परत दे. शेत आम्हीच कसू."

बयजाने आधी म्हाळसाच्या हातांवरच्या फोडांकडे पाहिले. मग म्हणाली, "सोयरीक मोडली म्हणून माझ्याकडे येऊ नका, जाऊबाई. ती मी मोडली नाही."

"ती मी मोडली," म्हाळसा म्हणाली.

"आणि खताने शेत सुधारले नाही, तर?"

"तर पुढच्या साली तूच कस. मी मध्ये येणार नाही."

बयजाने नवऱ्याकडे पाहिले. तो नेहमीप्रमाणे जमिनीकडे पाहत होता. "मला फुकट काही सोडता येणार नाही," ती शेवटी म्हणाली. "आमच्या गोठ्यात एकच बैल आहे. दर साली जोडीसाठी कोणाच्या तरी पाया पडावे लागते आणि पेरणी मागे पडते. यंदापासून पेरणीला भावोजींचे बैल आधी आमच्या शेतात येतील. आमचे संपल्यावर मग तुमचे."

थकलेल्या शेताची पेरणी मागे पडणे म्हणजे काय, हे सटवाजीला चांगले कळत होते. त्याच्या कपाळावर आठी उमटली. म्हाळसाने त्याच्याकडे पाहिले, पण काही सुचवले नाही. ठरवण्याचे काम या वेळी तिने त्याच्यावर सोडले. त्याने होकारार्थी मान हलवली.

मग असे ठरले. पावसाळ्यातले शेण प्रत्येक घरी उकिरड्यात पडावे आणि कोरड्या दिवसांतले चुलीला मिळावे. पाहुण्यांनी घर पाहायला यावे, तेव्हा त्यांना आधी शेत दाखवावे आणि मग अंगण. वाटेवरच्या आणि गायरानातल्या शेणात ज्यांच्या दारी जनावर नाही त्यांनीच काडी खोचावी. कमी पडणाऱ्या जळणासाठी प्रत्येक घराने हिवाळ्यात डोंगरात आपले माणूस पाठवावे, किंवा लाकूडतोड्याला धान्य द्यावे आणि देताना कुरकुर करू नये. सटवाजीचे शेत सटवाजीकडे राहावे आणि पेरणीला त्याचे बैल आधी भावाच्या शेतात जावेत. सटवाजीने याला होकार दिला, केरबाने दिला, सटवाजीच्या भावाने मान वर करून दिला. जनावरे नसलेल्या म्हाताऱ्यांनी तर प्रश्न पूर्ण होण्याआधीच दिला, आणि त्यांना मी या वेळी टोकले नाही. म्हाळसाने होकार दिला. सर्वांत शेवटी, पुन्हा एकदा अटी साऱ्यांकडून वदवून घेऊन, बयजाने दिला.

घरात जिथून येते, तिथे आधी द्यावे, आणि उरेल त्यात काटकसर करावी.